दर्यासारंग बँडचा सलाम

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता आणि ज्ञानबा बँडवाला कंदिलापाशी बसून कोटाची बाही उसवत होता. कोट गडद निळ्या, जाड बनाती कापडाचा. पितळी बटणांवर जहाजाचा नांगर, नांगराच्या डोक्यावर मुकुट. मनगटाशी एक रुंद सोनेरी पट्टा आणि त्याच्यावर ओळीने तीन अरुंद पट्ट्या. त्यांतली खालची, वेटोळे असलेली, कोटाची मूळची होती. वरच्या दोन ज्ञानबाने चार वर्षांपूर्वी स्वतःच स्वतःला बहाल केल्या होत्या. त्याच तो आता काढत होता.

“जरी तोडू नगासा,” चुलीपाशी बसलेली रंभाबाई म्हणाली. “ती माझ्या लुगड्याची हाय.”

“तुझी तुलाच देतोय की.”

“चार वर्सांनी?”

डाव्या बाहीवरची पहिली पट्टी निघाली. तिच्याखाली बनात मूळच्या रंगाची राहिली होती आणि बाकीची बाही उन्हाने विटली होती. पट्टी काढली तरी ती तिथे होती, हे कुणालाही दिसणार होते.

ही फेब्रुवारी १९३१ मधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरी, कल्लप्पाच्या मुलीचे लग्न होते आणि बँड ज्ञानबाचा होता.

ज्ञानबाचा बाप कोंडीबा सांगोल्याकडचा. हलगी वाजवायचा. लग्नात सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि जेवायला सगळ्यांच्या मागे, मांडवाबाहेर बसायचा. ज्ञानबा तरुणपणी पुण्याला एका बँडमध्ये राहून कारनेट वाजवायला शिकला, सोलापुरात आला आणि त्याने स्वतःचा बँड काढला. तो धरून नऊ माणसे. मोठा ड्रम त्याचा मेहुणा गुंडा वाजवायचा. इतर बँडवाल्यांप्रमाणे त्यांचेही कोट लाल होते. सोलापुरात लाल कोटाचे बँड पुष्कळ होते. ज्ञानबाचा त्यांतला एक, बरा वाजवणारा, एवढीच त्याची ओळख.

मग मुंबईहून जुने कपडे आणणाऱ्या एका फेरीवाल्याच्या गठ्ठ्यातून हा निळा कोट निघाला. ज्ञानबाने तो बटणांकडे बघून घेतला. तो कुणाचा, हे त्याला अण्णारावांनी सांगितले. अण्णाराव हे एका गिरणीतले हेडक्लार्क. सिगारेटच्या डब्यांतून निघणारी रंगीत चित्रे जमवायचा त्यांना नाद होता आणि त्यांतली काही आरमाराच्या पोशाखांची होती.

“कुणाचा रे हा कोट?” त्यांनी विचारले.

“आता माझाच की, मालक.”

“आधी कुणाचा, ते सांगतो. हा आरमारातल्या साहेबाचा. रुंद पट्ट्यावर एक पट्टी, म्हणजे रिअर ॲडमिरल.”

“म्हंजे सुभेदारावानी?”

“सुभेदार कसला! जहाजांचा ताफाच्या ताफा याच्या शब्दावर वळतो. दोन पट्ट्या असल्या की व्हाइस ॲडमिरल. तीन असल्या की ॲडमिरल. चार असल्या की ॲडमिरल ऑफ द फ्लीट.”

“आन् चाराच्या वर?”

“राजा.”

ज्ञानबाने बाही हातात घेऊन अंदाज घेतला. “मग तीन करतो. चौथीला जागा ठिवतो, बढतीला.”

अण्णाराव हसले. “आपल्याकडे अशा माणसाला दर्यासारंग म्हणायचे,” ते म्हणाले, आणि बँडला नाव मिळाले.

रंभाबाईच्या लुगड्याचा जरीकाठ कापून शिंप्याने दोन्ही बाह्यांवर दोन दोन पट्ट्या चढवल्या. वेटोळे नेहमी सर्वांत वरच्या पट्टीला असते, हे शिंप्याला ठाऊक नव्हते आणि ज्ञानबालाही नव्हते. पलटणीतल्या साध्या हवालदाराची निशाणी बाहीला लावली असती, तर दुसऱ्याच दिवशी एखाद्या पेन्शनर शिपायाने भर रस्त्यात गळपट्टी धरली असती. पण समुद्र सोलापुरापासून लांब. ज्ञानबाच्या हुद्द्यावर हरकत घेईल असा माणूस गावात नव्हता.

कोटाने फरक पडला. लोक वाट द्यायला लागले. एका लग्नात यजमानाने मांडवाच्या आत, कडेला का होईना, ज्ञानबासाठी पाट मांडला. एकच पाट. बाकीचे आठ जण नेहमीसारखे बाहेर बसले. ज्ञानबा क्षणभर घुटमळला आणि आत जाऊन बसला. त्यानंतर असे दोनतीनदा झाले, तेव्हा तो घुटमळलाही नाही.

मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला. रस्त्यांवर गोरे शिपाई आले, मिरवणुका बंद झाल्या आणि पांढरी टोपी घालून बाहेर पडणे हाच गुन्हा झाला. ऐन लग्नसराई होती. ठरलेल्या वराती एकामागून एक मोडत होत्या. बँडची माणसे रोज ज्ञानबाच्या दारात येऊन बसत. शेवटी एके दिवशी त्याने कोट चढवला आणि लग्नापुरते वाजवायची परवानगी मागायला तो साहेबांच्या कचेरीकडे निघाला. ॲडमिरलला साहेब नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

स्टेशनच्या रस्त्यावर आडवी बल्ली टाकून दोन गोरे शिपाई पहाऱ्याला उभे होते. कडेला उन्हात सातआठ माणसे उकिडवी बसवली होती. प्रत्येकाची पांढरी टोपी त्याच्या पुढ्यात धुळीत पडली होती. त्यांत कल्लप्पा होता. कल्लप्पा मूळचा मैंदर्गीचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा. ज्ञानबाच्या दारासमोर त्याचे दार. दोघांच्या बायका एकमेकींकडून विस्तव नेत.

शिपायांनी ज्ञानबाला येताना पाहिले. एक जण दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि त्यातला ‘ॲडमिरल’ हा शब्द ज्ञानबाने स्पष्ट ऐकला. मग तो शिपाई टाचा जुळवून ताठ उभा राहिला, त्याने डाव्या हाताचा अंगठा नाकाच्या शेंड्याला लावला आणि चारी बोटे पसरून हलवली. दुसऱ्यानेही तसेच केले.

ज्ञानबाने असा सलाम कधी पाहिला नव्हता. पण त्याने आरमारही कधी पाहिले नव्हते. पलटणीचा सलाम कपाळाला लावतात. दर्यावरचा असा असेल. तो थांबला, त्यानेही टाचा जुळवल्या, अंगठा नाकाला लावला आणि सलाम परत केला. शिपाई मोठमोठ्याने हसले. गोरी माणसे खूश झाली की अशीच हसत असतील, असे ज्ञानबाला वाटले. बल्ली वर गेली.

“ज्ञानबा! ए ज्ञानबा!” कल्लप्पाने हाक मारली. “ह्यास्नी सांग की, रातपाळी करून घरला चाललोय म्हणून.”

हसणाऱ्या शिपायाने कल्लप्पाकडे बोट केले, मग ज्ञानबाकडे केले आणि भुवया उडवून काहीतरी विचारले. शब्द कळले नाहीत, प्रश्न कळला. हा तुझा माणूस का?

ज्ञानबाला इंग्रजी चारपाच शब्द येत होते. त्यांतला त्याने एक वापरला.

“नो,” तो म्हणाला, आणि सरळ पुढे बघत बल्लीखालून गेला.

कचेरीच्या व्हरांड्यात एका कारकुनाने मान वर न करता सांगितले की वाजवायचे नाही, घरी जा. ही गोष्ट ज्ञानबाने कुणालाच सांगितली नाही. सलामाची गोष्ट मात्र त्याने त्याच संध्याकाळी गल्लीत सांगितली आणि पुढे कितीतरी वेळा सांगितली. कल्लप्पा त्या दिवशी दिवेलागणीला घरी आला, बोडका. त्यानंतर तो ज्ञानबाशी बोलला नाही. ज्ञानबानेही आपण होऊन शब्द काढला नाही. सलाम घेतलेल्या माणसाला रस्त्यात उकिडव्या बसलेल्या माणसाशी बोलता येत नसते, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. आरमाराचे काही नियम असतील. त्याने मोडले नाहीत, इतकेच.

पावसाळ्यानंतर लग्ने सुरू झाली, तेव्हा ज्ञानबाने बँडला तो सलाम शिकवला.

“दाजी, पर नाकालाच का?” गुंडाने विचारले.

“दर्यावर वारा लई. कपाळाला हात लावाया गेलं की टोपी उडती.”

“मग बोटं कशापायी पसरायची?”

“वाऱ्याला वाट नगं व्हय?”

“सात समुद्रांचं वारं आन् बोटं चारच की!”

“दुसऱ्या हातात कारनेट हाय माझ्या. तुझं तोंड बंद ठिव आन् ड्रम हाण.”

वरात मांडवापाशी आली की बँड थांबायचा. गुंडा ड्रमवर तीन ठोके द्यायचा. नऊच्या नऊ जण एकदम अंगठा नाकाला लावायचे, बोटे हलवायचे आणि वधूपित्याकडे बघत तसेच उभे राहायचे. वधूपिता हात जोडायचा. हा सलाम गावाला फार आवडला. बँड सांगायला येणारे ‘सलामासकट’ म्हणून सांगू लागले. कित्येक घरच्या व्याह्यांनी तो अदबीने, डोळ्यांत पाणी आणून घेतला. कल्लप्पा आपल्या दारातून गल्लीतल्या वराती बघायचा. सलामाची वेळ आली की आत जायचा.

कल्लप्पाच्या मुलीचे, सुंदरम्माचे, लग्न ठरले तेव्हा बँड सांगायला मल्लव्वा आली, कल्लप्पाची बायको. नवरा आला नाही. “पोरीला तुमचाच पायजे,” ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. “कोट घालून या.”

लग्नाला पंधरा दिवस राहिले असताना अण्णारावांचा निरोप आला. त्यांच्या गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरसाहेबांचे मेहुणे सोलापूरला येणार होते. विलायतेच्या आरमारातून निवृत्त झालेले. मॅनेजरला कुणीतरी दर्यासारंग बँडबद्दल सांगितले होते. पाहुण्याची गंमत व्हावी म्हणून स्टेशनवर हाच बँड हवा, असे त्याने ठरवले.

“खरा ॲडमिरल येतोय, ज्ञानबा,” अण्णाराव म्हणाले. “म्हणजे रिअर ॲडमिरल.”

“रिअर? मग माझ्याखाली दोन पट्ट्या.”

“ते त्यांना सांगू नकोस.”

“आमचा दर्यावरचा सलाम देतो मालक. नवांचा.”

अण्णाराव धार्मिक वृत्तीचे, लवकर झोपणारे गृहस्थ. वरातींच्या वाटेला ते जात नसत आणि तो सलाम त्यांनी कधी पाहिला नव्हता. “दे की,” ते म्हणाले.

सकाळच्या मेलने पाहुणे आले. ज्ञानबा पहिल्या वर्गाच्या डब्याच्या दाराकडे डोळे लावून उभा होता. सोने कुठून चमकते ते तो बघत होता. दारातून करड्या सुटातला एक ठेंगणा म्हातारा उतरला, हातात काठी, डोक्यावर साधी टोपी. ज्ञानबा त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिला. अण्णारावांनी त्याला कोपराने ढोसले. हेच ते.

म्हातारा बँडसमोर आला. त्याची नजर ज्ञानबाच्या बाहीवर गेली. त्याने पट्ट्या मोजल्या, चुकीच्या जागच्या वेटोळ्यावर क्षणभर थांबला आणि त्याच्या तोंडावर हसू आले. मग त्याने काठी डाव्या हातात घेतली, पाठ सरळ केली आणि धाकट्या हुद्द्याच्या माणसाने वरच्याला करावा तसा सलाम करायला उजवा हात उचलला.

तेवढ्यात गुंडाने तीन ठोके दिले.

नऊ अंगठे नऊ नाकांना लागले. बोटे हलली. म्हाताऱ्याचा हात खांद्यापर्यंत आला होता, तिथेच राहिला आणि सावकाश खाली गेला. मॅनेजरची मान लाल झाली. मागे उभ्या असलेल्या त्याच्या मडमेने तोंडावर हातरुमाल धरला. अण्णारावांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

म्हाताऱ्याने शांतपणे काहीतरी विचारले.

“हे कुणी शिकवलं, विचारतायत,” अण्णाराव म्हणाले.

“तुमच्याच शिपायांनी, म्हणावं!” हात नाकावरच ठेवून ज्ञानबा म्हणाला. “मार्शल लाच्या वक्ताला. पैला सलाम मला त्यांनीच दिला.”

अण्णाराव इंग्रजीत जे बोलले ते फार थोडके होते. म्हातारा दोन शब्द बोलला, मान हलवली आणि निघून गेला. बँडने वाजवायचे ठरलेले वाजवले नाही.

मालधक्क्याच्या सावलीत अण्णारावांनी त्याला सांगितले.

“सलाम नाही तो. वाकुली आहे त्यांची. मॅनेजरच्या बंगल्यातलं पोरगं आयाला करून दाखवतं आणि आईचा मार खातं.”

“पर शिपाई तर...”

“वेडावत होते तुला.”

ज्ञानबा खाली बसला. त्याने विचारले, “साहेब काय म्हणाले?”

“त्यांना वाटलं, गेल्या सालच्या रागानं तुम्ही मुद्दाम केलंत. पोलिसात गेलं असतं प्रकरण. मी म्हटलं, माणूस भोळसट आहे, त्याला समजत नाही. तेव्हा म्हणाले, बिचारा.”

“बिचारा?”

“हो. दुसरं काय सांगणार होतो मी?”

त्या दिवशी घरी येताना ज्ञानबाने कोट काढून काखेत मारला होता. फलाटावरच्या फजितीचा विचार त्याच्या मनातून लवकरच गेला. राहिला तो स्टेशनच्या रस्त्यावरच्या ‘नो’चा. शिपायांनी सलाम केला होता, म्हणून तो कल्लप्पाला नाही म्हणाला होता. इतके महिने या एका वाक्यावर त्याचे निभावले होते. आता त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खोटा ठरला होता. दुसरा तसाच होता. कल्लप्पा उन्हात बसला होता आणि ज्ञानबाने त्याला एका वाकुलीपायी ओळख दिली नव्हती.

गावात मात्र उलटेच झाले. फलाटावर हमाल होते, टांगेवाले होते. सामानाला आलेल्या बंगल्यावरच्या गड्याने त्यांना सांगितले की साहेबलोकांत ही वाकुली असते, आणि लग्नांतला सलाम म्हणजे तिचीच तालीम, असे लोकांनी ठरवून टाकले. संध्याकाळपर्यंत सोलापुरात बातमी पसरली की ज्ञानबा बँडवाल्याने गोऱ्या ॲडमिरलला तोंडावर वाकुली दाखवली, एकट्याने नाही, बँडसकट. न्हाव्याने त्याची दाढी करून वर नमस्कार केला. एका शाळामास्तरांनी भर चौकात त्याचा हात हातात घेतला. “शिस्तीत अपमान केलात हो,” ते म्हणाले. “ठोक्यावर!” तरुण पोरे त्याला बघून नाकाला अंगठा लावायची आणि टाळ्या पिटायची. गेल्या वर्षी ज्यांच्या टोप्या गेल्या होत्या, त्यांतल्या एकाने त्याच्या गळ्यात हार घातला. तो हार ज्ञानबाने घालून घेतला. हार काढताना त्याने आजूबाजूला पाहिले, कल्लप्पा कुठे दिसतो का म्हणून.

“दाजी, म्हणत्यात तर म्हणू द्या की,” गुंडा म्हणाला. “आपुण कुटं खोटं सांगितलं?”

“खरं तरी कुटं सांगितलं?”

“तुमाला कुणी इचारलं का?”

विचारले नव्हते, हे खरे. आठवडाभर ज्ञानबा गप्प राहिला आणि जितका गप्प राहिला तितका त्याचा मान वाढत गेला. लोक म्हणाले, बघा, मिरवत नाही. रंभाबाईला त्याने सगळे सांगितले होते, ‘नो’ सोडून. मग एके दिवशी तेही सांगितले. दुसऱ्या दिवसापासून विस्तव आणायला ती मल्लव्वाकडे गेली नाही, काडेपेटी आणली.

म्हणून लग्नाच्या आदल्या पहाटे तो बाही उसवत बसला होता. कोट घालूच नये, असे त्याने ठरवले होते. पण नुसता ठेवून देण्याआधी निदान आपण लावलेले तरी काढून टाकावे, असे त्याला वाटत होते. दुपारपर्यंत डावी बाही झाली. उजवी तशीच टाकून तो समोर गेला. वरातीचा रस्ता आणि वेळ ठरवायला बँडवाल्याने आदल्या दिवशी जायचे असते. निरोप पाठवूनही चालते. पण तो स्वतः गेला.

मैंदर्गीकडचे पाहुणे आले होते. मांडव उभा राहत होता. कल्लप्पा कुडावर चढून बांबूला सुंभ आवळत होता. त्याने खाली पाहिले आणि पुन्हा गाठ आवळायला लागला.

“बर्री, कुंद्री. बसा की,” मल्लव्वा घोंगडी सरकवत म्हणाली. ज्ञानबा बसला नाही.

“हेच काय ते वाकुलीवाले?” एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारले. हा कल्लप्पाचा चुलता, तिप्पण्णा. दाताविना तोंडभर हसत तो पुढे झाला. “आमच्या मैंदर्गीपतोर नाव गेलंय बगा तुमचं. उद्या व्याह्याला पण दावा. लई ताठ हाय ते.”

सगळे हसले. एक जण म्हणाला, “त्या गोऱ्याचं तोंड कसं झालं, ते सांगा की बँडमास्तर. आमी ऐकायला बसलोय.”

ज्ञानबाने कल्लप्पाच्या पायांकडे पाहिले. ते त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर होते.

“वाकुली हाय, ते मला ठावं न्हवतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, सलाम हाय. मी सलामच केला.”

“म्हंजे?”

“म्हंजे मी गोऱ्याचा मान केला. त्याला अपमान वाटला. मी काय बी धाडस केलेलं न्हाई.”

लोकांना समजायला थोडा वेळ लागला. मग आधी एक जण हसला, मग सगळेच. तिप्पण्णाने कपाळावर हात मारला. “शिवा शिवा! आणि तेच तू लग्नात करत होता? इतके महिने? व्याह्यांना?”

“व्हय.”

“आणि ते हात जोडत होते!” म्हाताऱ्याला हसून ठसका लागला. मल्लव्वाने त्याला पाणी दिले.

हसणे ओसरेपर्यंत ज्ञानबा उभा राहिला. जायला वाट मोकळी होती. तो गेला नाही.

“अजून हाय,” तो म्हणाला. “तो सलाम मला स्टेशनच्या रस्त्याला शिपायांनी केला, तवा कल्लप्पा तितं उन्हात बसला हुता. त्यानं हाक मारली. शिपायानं मला इचारलं, तुझा माणूस का म्हणून. मी नो म्हणालो.”

आता कुणी हसले नाही. कल्लप्पाने गाठीचे उरलेले टोक बांबूखाली खोचले आणि तो खाली उतरला. हातांना लागलेले सुंभाचे तूस त्याने धोतराला पुसले.

“तू फुडं गेलास,” तो म्हणाला, “आणि त्यांतला एक तुझ्या मागं तुझ्यासारखं चालत गेला. छाती काढून. दहा पावलं. सगळे बघत होते.”

“तुला तवाच कळलं हुतं?”

“समोरच बसलो होतो की.”

“मग मला सांगितलं का न्हाईस? इतके म्हैने मी गावात...”

“तू विचारलं न्हाईस,” कल्लप्पा म्हणाला. “माझ्या दारात यायला तुला किती पावलं?”

ज्ञानबाने कितीतरी वाक्ये तयार करून आणली होती, त्यांतले एकही इथे बसत नव्हते. शेवटी तो म्हणाला, “उद्या कोट घालत न्हाई. साध्या सदऱ्यावर येतो.”

“तसं कसं?” मल्लव्वा मध्येच बोलली. “पोरीनं कोटासाठी बँड सांगितलाय. तिच्या मैत्रिणी येणार.”

“कोट घाल,” कल्लप्पा म्हणाला. “गावानं बघितलाय, तोच घाल. तुला लाज वाटती म्हणून माझ्या पोरीच्या वरातीत कमी करू नकोस. सलाम नको.”

“न्हाई करणार.”

“सात वाजता. उशीर नको.”

एवढे बोलून कल्लप्पा दुसऱ्या बांबूकडे गेला. ज्ञानबा घरी आला.

रंभाबाई डाव्या बाहीच्या दोन्ही पट्ट्या मांडीवर घेऊन बसली होती. जरी काळवंडली होती. लुगड्याला परत लावण्यासारखी राहिली नव्हती.

“शिवायच्या का परत?” तिने विचारले. “एका बाहीला हाय, एका बाहीला न्हाई. आर्धाच साहेब दिसतायसा.”

“उजवी पन काढायची.”

“मग कोट घालायचा न्हाई?”

“घालायचाय.”

त्याने सुई घेतली. तिने कात्री घेतली. उजवी बाही दिवस मावळायच्या आत झाली. मग त्याने चिंचेच्या कोळाने बटणे घासली, कारण कोट घालायचा तर बटणे घासलेलीच असायला हवीत. गुंडा दारात येऊन उभा राहिला.

“दाजी, सगळ्या गल्लीत झालं. हसत्यात लोक.”

“हसू दे.”

“उद्याबी हसतील.”

“उद्या मांडवापाशी तीन ठोके द्यायचे न्हाईत. ध्यानात ठिव. तुझा हात आपोआप जाईल.”

“आन् जेवायला? कल्लप्पा तुमाला आत पाट मांडंल का न्हाई, कुणाला ठावं.”

“मी तुमच्यासंगट बसनार हाय.”

गुंडाने त्याच्याकडे पाहिले. चार वर्षांत हे वाक्य त्याने ऐकले नव्हते. “भाईर?” त्याने विचारले.

“भाईर.”

उद्या सकाळी साडेसहाला दर्यासारंग बँडचे नऊ जण गल्लीच्या तोंडाशी, मारुतीच्या पाराजवळ जमतील. आठ जणांचे कोट लाल. ज्ञानबाचा निळा, दोन्ही बाह्यांवर एक रुंद पट्टा, एक अरुंद पट्टी आणि तिच्यावर न विटलेल्या बनातीच्या दोन गडद रेघा. वरात सातला निघेल.